कॅसिनो : महसूल एका शहरात, तोटा दुसऱ्या घरात

शासनाच्या परवान्याने आणि ठरवून दिलेल्या नियमांखाली पैशांवर खेळ चालवणाऱ्या आस्थापनेला कॅसिनो म्हणतात. हा शब्द मूळ इटालियन भाषेतील असून घर या अर्थाच्या ‘कासा’ शब्दापासून तो आला. व्हेनिस नगरराज्याने १६३८ मध्ये ‘रिदोत्तो’ हे अधिकृत जुगारगृह उघडले आणि १७७४ मध्ये ते बंद केले. नगरातील सरदार घराणी कंगाल होऊ लागली, हे त्यामागील एक कारण होते. राज्याला कर मिळतो आणि नागरिकाचे घर रिकामे होते, हा पेच तेव्हापासून सुटलेला नाही.

भारतात हा पेच आणखी गुंतागुंतीचा आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘पैज व जुगार’ हा विषय राज्यसूचीत ३४ व्या क्रमांकावर आहे. जुगाराला परवानगी द्यावी की बंदी घालावी, हे प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरवते. त्यामुळे पणजीत जो परवानाधारक व्यवसाय आहे, तोच लखनौमध्ये गुन्हा ठरतो. उत्तर प्रदेशात आजही १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा राज्याच्या दुरुस्त्यांसह लागू आहे. लखनौच्या दक्षिणेकडील सरोजिनी नगर परिसरात कोणी कॅसिनो उघडू शकत नाही. मात्र शहराचा अमौसी येथील विमानतळ याच परिसरात आहे आणि तेथून गोव्याला विमाने जातात. कॅसिनोचा भोवतालच्या समाजावरील परिणाम मोजताना हे अंतर लक्षात घ्यावे लागते. कारण कॅसिनोला दोन समाज लागून असतात. एक कॅसिनोच्या भोवतीचा, दुसरा खेळणाऱ्याच्या भोवतीचा. भारतात हे दोन समाज बहुतेक वेळा वेगवेगळ्या राज्यांत राहतात.

खेळामागील गणित

कॅसिनोचा नफा फसवणुकीतून येतो, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात नियमाने चालणाऱ्या कॅसिनोला फसवणुकीची गरज नसते. त्याचा नफा खेळाच्या नियमांतच बसवलेला असतो.

युरोपीय पद्धतीच्या रूले चक्रावर ० ते ३६ असे ३७ आकडे असतात. एका आकड्यावर १०० रुपये लावले आणि तो लागला, तर लावलेल्या रकमेच्या ३५ पट, म्हणजे ३,५०० रुपये मिळतात व लावलेले १०० रुपये परत येतात. आता कोणी सर्व ३७ आकड्यांवर प्रत्येकी १०० रुपये लावले, असे समजू. लागलेली रक्कम ३,७०० रुपये आणि हाती येणारी रक्कम ३,६०० रुपये. उरलेले १०० रुपये कॅसिनोचे. हा वरचष्मा सुमारे २.७ टक्के आहे. चक्रावर दोन शून्ये असल्यास आकडे ३८ होतात आणि वरचष्मा सुमारे ५.२६ टक्क्यांवर जातो.

टक्केवारी लहान दिसते, पण ती खिशातील रकमेवर लागू होत नाही. लावलेल्या प्रत्येक डावावर ती लागू होते. ताशी ४० फेऱ्या धरल्या आणि एखादी व्यक्ती प्रत्येक फेरीत १,००० रुपये लावत चार तास बसली, तर १६० फेऱ्यांत तिने १,६०,००० रुपये फिरवलेले असतात. एका शून्याच्या चक्रावर तिचा सरासरी अपेक्षित तोटा सुमारे ४,३२४ रुपये होतो, दोन शून्यांच्या चक्रावर सुमारे ८,४२१ रुपये. एखाद्या रात्री ती व्यक्ती जिंकूही शकते. मात्र कॅसिनोसमोर एक रात्र आणि एक व्यक्ती नसते. हजारो लोक आणि लाखो फेऱ्या असतात. फेऱ्या वाढतात तसा निकाल गणिताच्या जवळ सरकतो. म्हणूनच ग्राहकाने किती लावावे यापेक्षा त्याने किती वेळ बसावे, याला कॅसिनोच्या व्यवसायात अधिक महत्त्व असते.

पोकरसारख्या खेळात खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात. तेथे कॅसिनो प्रत्येक डावाच्या जमलेल्या रकमेतून आपला कट घेतो. अंदर-बाहर आणि तीन पत्ती हे भारतीय घरांतील ओळखीचे खेळही गोव्यातील कॅसिनोंत मांडलेले असतात. ओळखीच्या खेळामुळे नवखा ग्राहक बिचकत नाही.

दालनातील व्यवस्था

प्रवेशद्वारावर ओळखपत्र तपासले जाते. गोव्यात २१ वर्षांखालील व्यक्तीला कॅसिनोत प्रवेश नाही. प्रवेशशुल्कात बहुधा जेवण, मद्य, करमणुकीचे कार्यक्रम आणि काही चिप्स यांचा समावेश असतो. या चिप्स अनेकदा फक्त खेळण्यासाठी असतात. त्या वटवून रोख रक्कम घेता येत नाही.

रोख रकमेच्या बदल्यात खिडकीवर चिप्स घेतल्या की पैशाचे रूप बदलते. पाचशेची नोट मोजून देताना जो हात अडखळतो, तोच रंगीत चकती सहज पुढे सरकवतो. दालनात घड्याळ आणि खिडक्या सहसा नसतात. मोठी रक्कम खेळणाऱ्याला फुकट मुक्काम, वाहन वा विशेष दालन दिले जाते. हा पाहुणचार त्याच्याकडून अपेक्षित असलेल्या तोट्याचा हिशेब करूनच ठरवला जातो. पत्ते वाटणारा डीलर, त्याच्यावरचा पर्यवेक्षक आणि त्या दोघांवरचे कॅमेरे अशी देखरेखीची उतरंड असते.

काळा पैसा फिरवण्यासाठी चिप्सचा उपयोग होऊ शकतो. त्यामुळे आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याच्या (पीएमएलए) कक्षेत २००९ च्या दुरुस्तीने कॅसिनोंनाही आणण्यात आले. ग्राहकाची ओळख पटवणे, व्यवहारांच्या नोंदी ठेवणे आणि मोठ्या रोख व संशयास्पद व्यवहारांची माहिती कळवणे त्यांना बंधनकारक आहे.

बंदी आणि अपवाद

राज्याने जुगारावर लक्ष ठेवावे आणि त्यातून उत्पन्नही घ्यावे, ही कल्पना भारताला नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष हा अधिकारी सांगितला असून जिंकलेल्या रकमेतून पाच टक्के वसूल करण्याची तरतूद आहे. त्याआधीच्या ऋग्वेदातील अक्षसूक्तात जुगाऱ्याच्या घराची, त्याच्या पत्नीची आणि आईची दुर्दशा आली आहे. महसूल आणि घर या दोन्ही बाजू परंपरेत नोंदलेल्या आहेत.

स्वतंत्र भारतात या विषयावरील पायाभूत निकाल मुंबईच्या एका कायद्यावरून लागला. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये स्पष्ट केले की, जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार किंवा व्यवसाय नाही. त्यामुळे जुगार चालवण्याचा मूलभूत हक्क कोणालाही सांगता येत नाही. कॅसिनोचा परवाना ही सरकारने दिलेली सवलत असते आणि सरकार ती काढूनही घेऊ शकते. पुढे १९६८ च्या निकालात रमी आणि १९९६ च्या निकालात घोड्यांच्या शर्यती हे मुख्यतः कौशल्याचे खेळ मानले गेले.

महाराष्ट्र आणि गोवा यांच्या वाटा एकाच वर्षी फुटल्या, हा योगायोग लक्षणीय आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये कॅसिनोंचे नियंत्रण व त्यांवरील कर यांसाठी कायदा केला, परंतु तो कधीच अमलात आणला नाही. राज्यात एकही परवाना दिला गेला नाही. अखेर २०२३ मध्ये तो कायदा रद्द करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. गोवा, दमण व दीव या तत्कालीन केंद्रशासित प्रदेशाने १९७६ मध्येच जुगारावर बंदी घालणारा कायदा केला. त्या कायद्यात १९९२ मध्ये कलम १३ अ घालून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना मुभा देण्यात आली. १९९६ च्या दुरुस्तीने किनाऱ्यापासून दूर असलेल्या जहाजांवर टेबलांवरील खेळांनाही वाट मिळाली. एका राज्यात परवान्याचा कायदा होता पण कॅसिनो आला नाही. दुसऱ्यात बंदीचा कायदा होता आणि त्याच्या अपवादातून कॅसिनोंचा उद्योग उभा राहिला.

सिक्कीमने २००२ मध्ये कॅसिनोंसाठी स्वतंत्र कायदा केला. मेघालयाने २०२१ मध्ये तसाच कायदा केला, परंतु चर्च आणि सामाजिक संघटनांच्या विरोधानंतर तेथील सरकारने माघार घेतली.

मांडवीच्या काठावर

‘काराव्हेला’ हे मांडवीतील पहिले कॅसिनो जहाज. पुढे तेथील तरंगत्या कॅसिनोंची संख्या सहावर गेली. कायद्यात जहाज किनाऱ्यापासून दूर असणे अभिप्रेत होते. प्रत्यक्षात ही जहाजे पणजीसमोर नदीच्या पात्रात नांगरलेली आहेत. जेटीवरून छोट्या बोटी ग्राहकांची ने-आण करतात. दयानंद बांदोडकर मार्गावरून चालणाऱ्याला त्यांची रोषणाई समोर दिसते. जहाजांखेरीज मोठ्या हॉटेलांतही कॅसिनो आहेत.

या उद्योगाने गोव्याला परवाना शुल्क आणि कर मिळवून दिला. हॉटेले, टॅक्सी, बोटी, खानपान आणि सुरक्षा या सेवांत रोजगार आला. राज्यातील लोहखनिजाच्या खाणी २०१२ मध्ये थांबल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. खाणींचे उत्पन्न आटल्यावर पर्यटन व कॅसिनो यांच्या महसुलाचे वजन साहजिकच वाढले.

दुसऱ्या पारड्यात तक्रारी आहेत. संध्याकाळनंतर काठावरील रस्त्यावर वाहनांची दाटी होते, पार्किंगला जागा उरत नाही. नदीतील सांडपाणी आणि जलवाहतुकीला होणारा अडथळा यांवरून वाद झाले. जुलै २०१७ मध्ये ‘लकी सेव्हन’ हे जहाज मांडवीत आणले जात असताना पावसाळी समुद्रात मिरामारजवळ वाळूत रुतले आणि बराच काळ तेथेच अडकून राहिले. नदीच्या मुखाशी अशी जहाजे ठेवण्यातील धोका तेव्हा शहरासमोर उघड झाला. ‘आम औरत आदमी अगेन्स्ट गॅम्बलिंग’ या नागरी चळवळीने स्थानिक तरुणांतील व्यसन आणि कर्जबाजारीपणा यांचा मुद्दा वर्षानुवर्षे लावून धरला.

राजकीय भूमिका मात्र सत्तेनुसार बदलत गेल्या. विरोधात असताना जे पक्ष जहाजे हटवण्याची मागणी करतात, ते सत्तेत आल्यावर मुदतवाढ देतात, असा अनुभव गोव्याने एकाहून अधिक वेळा घेतला. कॅसिनो मांडवीबाहेर नेण्याची घोषणा अनेकदा झाली. मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले. त्यामुळे पेडणे तालुका या चर्चेच्या केंद्रस्थानी आला असून तेथील धारगळ परिसरात कॅसिनो कंपनीचा मोठा पर्यटन प्रकल्प प्रस्तावित आहे. पेडण्याची हद्द सिंधुदुर्ग जिल्ह्याला लागून आहे. कॅसिनो तिकडे सरकल्यास त्यांचा शेजार बांदा आणि सावंतवाडीपर्यंत पोहोचेल.

स्थानिकांना बंद, पाहुण्यांना खुले

गोव्याने २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून कॅसिनोत खेळण्याची मुभा पर्यटकांपुरती ठेवण्याची तरतूद केली. तिची अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०२० पासून सुरू झाली. गोमंतकीयांना तेथे नोकरी करता येते, परंतु खेळता येत नाही. सिक्कीमनेही २०१६ मध्ये स्थानिकांना कॅसिनोची दारे बंद केली. जगातही हा प्रघात जुना आहे. मोनॅकोच्या नागरिकांना माँटे कार्लोच्या प्रसिद्ध कॅसिनोत खेळण्यास मनाई आहे.

नेपाळमध्येही नेपाळी नागरिकांना कॅसिनोत प्रवेश नाही. काठमांडूत १९६८ मध्ये सुरू झालेला हा व्यवसाय पुढे भारताच्या सीमेलगतच्या शहरांत पसरला. नेपाळगंज हे शहर उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्याच्या रुपईडीहा नाक्यापलीकडे आहे, तर भैरहवा महाराजगंज जिल्ह्याच्या सोनौली नाक्यापलीकडे. तेथील कॅसिनोंची मदार मुख्यतः भारतीय ग्राहकांवर असते. जो कायदा लखनौत कॅसिनो उघडू देत नाही, तो लखनौच्या रहिवाशाला सीमेपलीकडच्या किंवा मांडवीतील टेबलावर बसण्यापासून रोखू शकत नाही.

स्थानिकांवरील बंदीचा अर्थ येथे नीट पाहिला पाहिजे. आपल्या नागरिकाने जेथे पैसे हरू नयेत असे सरकारला वाटते, तेथे शेजारच्या नागरिकाने हरण्यास त्याची हरकत नसते. ही बंदी म्हणजे हानी होते याची अधिकृत कबुलीच होय. परवाना शुल्क आणि राज्याच्या वाट्याचा वस्तू व सेवा कर गोव्याच्या तिजोरीत जातो. मोडलेली मुदत ठेव, गहाण पडलेले दागिने, थकलेले हप्ते आणि घरातील भांडणे कोल्हापूर, बेळगाव, सुरत किंवा लखनौच्या खात्यात पडतात. त्या राज्यांना या व्यवहारातून कर मिळत नाही, परवान्याच्या अटी ठरवण्याचा अधिकारही मिळत नाही. गोव्याच्या अंदाजपत्रकात हा तोटा दिसत नाही. अन्य राज्यांच्या अंदाजपत्रकात तो कॅसिनोच्या नावावर दिसत नाही.

कराने प्रश्न सुटतो का?

कॅसिनोतील चिप्सच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला. डाव जिंकून मिळालेली रक्कम पुन्हा लावल्यास तिच्यावर नव्याने कर लावायचा नाही, असे परिषदेने स्पष्ट केले. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के करण्यात आला. शिवाय जिंकलेल्या रकमेवर प्राप्तिकराचा ३० टक्के दर आहे.

चढ्या करामुळे खेळ महाग होतो, हे खरे. परंतु व्यसन जडलेली व्यक्ती किंमत पाहून थांबत नाही. करामुळे तिचा तोटा वाढतो आणि सरकारचे त्यावरील अवलंबित्वही वाढते. अमेरिकेतील अटलांटिक सिटी हे अवलंबित्वाचे बोलके उदाहरण आहे. तेथे १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला आणि शहराची अर्थव्यवस्था याच एका धंद्याभोवती बांधली गेली. शेजारच्या राज्यांत कॅसिनो सुरू झाल्यावर ग्राहक पांगले. २०१४ या एकाच वर्षात शहरातील १२ पैकी चार कॅसिनो बंद पडले आणि हजारो कामगारांची नोकरी गेली.

सिंगापूरने वेगळा मार्ग धरला. तेथे २०१० मध्ये दोन कॅसिनो सुरू झाले. नागरिक व कायम रहिवाशांना २४ तासांच्या प्रवेशासाठी आता १५० सिंगापूर डॉलर शुल्क भरावे लागते, परदेशी पाहुण्याला ते नाही. त्याहून महत्त्वाची तरतूद प्रवेशबंदीची आहे. व्यक्ती स्वतःहून स्वतःवर बंदी घालून घेऊ शकते आणि तिचे कुटुंबीयही बंदीसाठी अर्ज करू शकतात. घराला दारावर म्हणणे मांडता येते. मात्र हा मार्गही मुख्यतः तेथील कुटुंबांसाठीच आहे. भारतात राज्यांच्या सीमा ओलांडून चालणारी अशी यंत्रणा नाही. कॅसिनोतील खेळाडू बहुतांशी परराज्यातील असल्याने तिची गरज येथे अधिक आहे.

व्यसनाची लक्षणे आणि मदत

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या ११ व्या आवृत्तीत जुगाराच्या विकाराची नोंद व्यसनी वर्तनाच्या विकारांत आहे. खेळावरील ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळाला प्राधान्य देणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची मुख्य लक्षणे होत. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे, खोटे बोलणे, उसनवारी लपवणे आणि खेळ थांबवल्यावर चिडचिड होणे ही घरच्यांना दिसणारी चिन्हे आहेत. हा नैतिक दुबळेपणा मानून दटावल्याने विकार लपतो, बरा होत नाही. समुपदेशन आणि मानसोपचार यांचा उपयोग होतो.

कर्जाबाबत कायदा काय सांगतो, हेही कुटुंबांना ठाऊक असावे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्यवत असतो. त्यातून निर्माण झालेल्या रकमेसाठी दिवाणी दावा चालत नाही. जुन्या मुंबई इलाख्यातील १८६५ च्या कायद्याने अशा पैजांना पूरक असलेले करारही शून्यवत ठरवले. मात्र बँकेचे वैयक्तिक कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी ही पैज नसते. ती फेडावीच लागते. धमकावून वसुली होत असल्यास पोलिसांकडे तक्रार करता येते.

कॅसिनोपर्यंतचे अंतर मोबाइलनेही पुसले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा करून पैशांवरील ऑनलाइन खेळ चालवण्यास, त्यांची जाहिरात करण्यास आणि त्यांसाठी पैसे फिरवण्यास देशभर बंदी घातली. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. ऑनलाइन जुगाराला देशव्यापी नियम लागला, प्रत्यक्ष कॅसिनो मात्र राज्यांच्याच अखत्यारीत राहिला.

जुगाराचे व्यसन असलेल्या व्यक्तीला किंवा तिच्या कुटुंबीयांना ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क सल्ला मिळतो. हा क्रमांक देशभर चालतो आणि अनेक भारतीय भाषांत बोलता येते. गोव्यातून रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाला त्यासाठी पुन्हा गोव्याला जावे लागत नाही.